दीडशे लिटर ताजं पाणी

माणसाचं मोठेपण त्यानं आयुष्यात कशाची तहान धरली यावरून ठरतं. बीडमधल्या माझ्या घरमालकांनी तहान धरली ती एवढीच, की दीडशे लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीतल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येऊ नये. त्यासाठी त्यांनी निवृत्तीनंतरची तीन वर्षं, एक जुनी गाडी आणि माझी जीभ कामाला लावली.

मी बीडला कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा खोली शोधत बरीच घरं पालथी घातली. प्रत्येक घरी पहिला प्रश्न आडनावाचा. फार सुसंस्कृत घर असेल तर तो "मूळ गाव कोणतं तुमचं?" अशा वळणानं यायचा. या गृहस्थांनी मात्र दार उघडून विचारलं, "पाणी घेता?"

"नको, आत्ताच प्यायलो," मी म्हणालो.

ते खरं होतं. बसस्टँडवर मी अख्खी बाटली संपवून आलो होतो. त्यांनी मान हलवली, भरलेला पेला ताटलीनं झाकून ठेवला आणि मला वरच्या खोलीची किल्ली दिली. आडनाव शेवटपर्यंत विचारलं नाही. माझं ते उत्तर त्यांना कसं ऐकू आलं असेल, हे कळायला मला पुढं दोन वर्षं लागली. कळल्यावर मी त्यांना बाटलीची हकीकत तीन वेळा सांगितली. "असंल की," ते तिन्ही वेळा म्हणाले. तीन वेळा सांगावी लागली, यातच काय ते आलं.

ते सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायचे. गावोगावच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांतून त्यांच्या टेबलावर यायचं आणि ते कागदावर 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असं लिहून द्यायचे. अयोग्य ठरलेलं पाणी लोक पीतच राहत, कारण दुसरं नसे. योग्य ठरलेलं उन्हाळ्यात आटून जाई. पण म्हणून त्यांच्या हस्ताक्षरात कधी निष्काळजीपणा आला नाही.

बायको वारली होती. मुलगी पुण्याला होती. ती रविवारी फोन करून "बाबा, जेवलात का?" असं विचारी. ते "हो" म्हणत, फोन ठेवत आणि मग भात टाकत. घराला पाच खोल्या होत्या आणि त्यांचा वावर दीड खोलीत होता. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली एक टेबल, टेबलावर काचेच्या नळ्या. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल आणि नारळ दिला होता. नळ्या त्यांनी स्वतःच्या पैशानं विकत घेतल्या होत्या.

पाण्याचा पहिला घोट ते गिळत नसत. तोंडात धरत, डोळे मिटत आणि मग निकाल देत. "हे टँकरचं. टँकरला आतून नवा रंग दिलेला हाय." कॉलेजच्या एका समारंभात त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, तेव्हा व्यासपीठावर ठेवलेल्या बाटलीबंद पाण्याचा घोट घेऊन ते शेजारच्या प्राचार्यांना म्हणाले, "ही बाटली उन्हात उभी होती." प्राचार्यांना वाटलं, हे कुठल्या तरी कवितेतलं आहे. त्यांनी दाद दिली.

"पाण्याला चव नसती सर," ते मला म्हणायचे. "चव असती ती भांड्याची, नळीची आन् देणाऱ्याची."

शेजारच्या काकूंशी त्यांचा एक जुना वाद होता. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येई. तेव्हा सगळे पिंपं, टाक्या, घागरी, पातेली भरून ठेवत. काकू रोज सकाळी हंड्यातलं कालचं पाणी रस्त्यावर ओतत आणि पिंपातलं नवं भरत.

"ताई, कावून ओतलं?" हे विचारत.

"शिळं झालं की."

"अवो, हंड्यातलं आन् पिंपातलं एकाच दिवशीचं पाणी हाय. एकाच नळाचं."

"असंल. पण हे आज भरलंय," काकू म्हणत आणि हंड्यावर ताट ठेवत.

ते घरात येऊन माझ्यासमोर बसत आणि म्हणत, "चौतीस वर्षं काम केलं. शिळेपणाची टेस्ट कुठल्याच पुस्तकात न्हाई."

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी शाळेची एक जुनी मिनी बस विकत घेतली. बाकं काढून टाकली. आत झोपायला फळी, एक शेगडी, दोन खुर्च्या आणि फळीखाली पाण्याची टाकी बसवली. टाकीची तोटी दाराजवळ बाहेर काढली. परदेशात म्हातारी माणसं असल्या गाडीत राहतात आणि मुलुखभर हिंडतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. तिकडं तिला कॅम्पर म्हणतात. त्यांनी पेंटरला बोलावून गाडीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत 'कॅम्पर' असं लिहून घेतलं. पेंटरनं आपल्या मनानं शेजारी एक निळा थेंब काढला, कारण आपल्याकडं कॅम्पर म्हणजे लग्नात आणि ऑफिसात येतो तो गार पाण्याचा जार. मागची 'सावकाश, आत मुले आहेत' ही पाटी त्यांनी पुसली नाही. आत साठीला टेकलेले एकच गृहस्थ असत.

मग टाकीचं पर्व सुरू झालं.

पहिल्या पाण्याला बागेच्या हिरव्या नळीचा वास आला. ती नळी त्यांनी भंगारात दिली आणि दूध डेअरीत वापरतात तसली पांढरी आणली. मग टाकी निर्जंतुक करायला ब्लीचिंग पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला, वरची निवळ टाकीत घालून दिवसभर मुरू दिली आणि टाकी चार वेळा धुतली. पाण्याला दवाखान्याचा वास यायला लागला. खायचा सोडा घालून तो घालवला. टाकीच्या एका अंगाला ऊन लागून शेवाळ धरलं, म्हणून टाकीला काळं कापड शिवलं. पाणी तापायला लागलं, म्हणून कापडावर ओली पोती टाकली. टाकी अर्धी ठेवली की पाणी दुसऱ्या दिवशी कोंदट लागे.

"अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा," ते म्हणाले. "शिळी होती ती हवा. एक तर काठोकाठ भरायची, न्हाईतर ठक्क कोरडी करून तोंडाला फडकं बांधून ठेवायची. मधलं काही न्हाई."

चौथ्या दिवशी टाकी रिकामी करायची, असा नियम ठरला. दीडशे लिटर पाणी ते बादलीबादलीनं गल्लीतल्या लिंबांना घालत. काकू दारात उभ्या राहून पाहत.

"दीडशे लिटर शिळं झालं का हो?" त्यांनी एकदा गोड आवाजात विचारलं.

त्या दिवसापासून ते पाणी मात्र मागच्या बोळातल्या झाडांना घालू लागले.

चव मी घ्यायची. टेबलावर झाकलेले तीन पेले असत. एक घरच्या माठातला, एक टाकीतला पहिल्या दिवसाचा, एक तिसऱ्या दिवसाचा. कुठला कोणता ते सांगायचं. "खरं सांगा सर. भाडेकरू हाव म्हणून गोड बोलू नका." सुरुवातीला मी दर वेळी बरोबर ओळखायचो आणि ते खिन्न होत. वर्षभरानं मी चुकायला लागलो. मी चुकलो की त्यांचा चेहरा उजळे. माणसाला एवढा आनंद देणारा निर्बुद्धपणा माझ्या हातून नंतर कधी घडला नाही.

गाडीची परीक्षा म्हणून आम्ही एका रविवारी मांजरसुंब्याला गेलो. घाटात टाकी काठोकाठ होती, तरी ते प्रत्येक वळणावर मागं कान देऊन ऐकत होते. एका धाब्याच्या कडेला गाडी लावली, दोन खुर्च्या बाहेर मांडल्या. दहा मिनिटांत एक तरणा माणूस मोटरसायकल थांबवून आला.

"काका, कॅम्पर गार हाय का?"

"हा कॅम्पर म्हणजे गाडी हाय," हे म्हणाले.

"गाडी दिसतीय मला. आतमंदी किती कॅम्पर हायेत?"

"आतमंदी मीच हाय."

तो माणूस थोडा वेळ त्यांच्याकडं आणि निळ्या थेंबाकडं आळीपाळीनं बघत राहिला. "बरं बरं," म्हणाला आणि गेला. त्यांनी त्याला हाक मारली, "एक पेला घेऊन तर जा!" पण मोटरसायकल सुरू झाली होती.

तिथं, रिकाम्या खुर्चीकडं बघत, मी शेवटी विचारलं, की हे सगळं कशासाठी. तुम्ही तर कुठं मुलुखभर हिंडत नाही.

"मला एकाच ठिकाणी जायचंय," ते म्हणाले.

त्यांचं गाव नांदूरघाटच्या पलीकडं. नाव लिहीत नाही. गावातलं त्यांचं घर केव्हाच पडलं होतं, भाऊबंद पोटासाठी बाहेर गेले होते. गावात उरला होता एक वर्गमित्र. मोठी शेती, शब्दाला मान, सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"चौथीपर्यंत आमी एका बाकावर बसलो. माठ तेवढा त्यांचा होता. मला पाणी वरून ओतायचे. ओतायचा अण्णाच. लई जपून ओतायचा, एक थेंब सांडायचा न्हाई. दुसरी पोरं नाकातोंडात ओतायची." त्यांनी ओंजळ तोंडापाशी धरून दाखवली. "त्याच्यासारखं कुणी ओतत नव्हतं."

पुढं अण्णा आपल्या विहिरीचं पाणी तपासायला बाटली घेऊन दर उन्हाळ्यात यांच्या बीडच्या घरी येऊ लागले. तास-तासभर बसत, हसत, जुनं बोलत. पाणी विचारलं की म्हणत, आत्ताच पिऊन निघालो.

"मे महिना सर. एसटीनं दीड तास. आन् माणसाला तहान न्हाई. तीस वर्षं."

"तुम्ही गावी गेल्यावर?"

"ते मला चहा देतात की. चांगल्या कपात देतात, त्यांच्याच. आता तसं काही राहिलं न्हाई, असं सगळे म्हणतात. असंल. त्यांचं मी घेतो, त्याला काही अडचण न्हाई. माझ्या हातचं त्यांनी घ्यायला गावात मला घर तर पायजे?" त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. "मागं एकदा मी लई आग्रह केला. तर अण्णा म्हणाला, तुमच्या शहरात आठ दिवसांचं शिळं पाणी, माझा घसा धरतो. बरं. शिळं न्हाई, असं पाणी घेऊन जातो. वास न्हाई, क्षार न्हाई, औषध न्हाई, कोमट न्हाई. एक-एक कारण काढून टाकायचं. मग जे उरंल ते उरंल."

"आणि काय उरेल असं वाटतं?"

"रिपोर्ट आल्याशिवाय आपण बोलत नसतो," ते म्हणाले.

पुढच्या एप्रिलात आम्ही त्यांच्या गावी गेलो. दिवस त्यांनी मुद्दाम निवडला नव्हता, पण नेमकं त्या दिवशी गावात शुद्ध पाण्याच्या यंत्राचं उद्घाटन होतं. शाळेच्या मैदानात मंडप, फुलांच्या कमानी आणि पुढाऱ्याचा फोटो. फोटोतला पुढारी हात जोडून उभा होता, प्रत्यक्षातला दोन तास उशिरा आला. आम्ही मंडपाच्या कडेला लिंबाखाली गाडी लावली. समारंभ संपला की अण्णांना खुर्चीवर बसवून पेला द्यायचा, असं ठरवलं.

भाषणं सुरू झाली. पाणी हे कसं जीवन आहे, हे पाच जणांनी सांगितलं. पुढाऱ्यानं कळ दाबली. वीज गेलेली होती. यंत्र शांत राहिलं. टाळ्या मात्र वाजल्या, कारण त्या आधी ठरलेल्या होत्या. मग ऊन चढलं, लोक पदरानं आणि टोप्यांनी वारा घेऊ लागले, आणि कुणाची तरी नजर आमच्या गाडीवरच्या अक्षरांवर गेली.

"अरे, कॅम्पर आलाय की! तिकडं हाय पाणी!"

अर्धा मंडप उठला. मी "ऐका, ऐका" म्हणालो, पण आमचे गृहस्थ तोपर्यंत तोटीपाशी जाऊन उभे राहिले होते. लोक रांगेनं येत होते, पीत होते, तोंड पुसत होते. "गार हाय रे." "मशीनचंच दिसतंय." "लई ग्वाड पाणी." एकानं दोन पेले भरून व्यासपीठावर नेले. पुढारी प्यायला. शेजारी अण्णा बसले होते. त्यांनी पेला रिकामा केला आणि दुसरा मागवला.

हे तोटी धरून अण्णांकडंच बघत होते. मागचा माणूस ओरडला, "ओ कॅम्परवाले, धार सोडा की!" तेव्हा त्यांचं लक्ष परत आलं.

गाड्या गेल्या, मंडप रिकामा झाला, आणि अण्णा हळूहळू चालत आमच्याकडं आले. उंच, पांढरेशुभ्र कपडे, चेहऱ्यावर हसू.

"काय बे शास्त्रज्ञ! ही काय सोंगं काढलीस? शाळंची गाडी घेतलीस व्हय?"

"बस अण्णा." यांनी खुर्ची पुढं केली. अण्णा टेकले. टाकीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तोटीखाली पेला धरला, तो जेमतेम भरला. दोन्ही हातांनी पुढं केला. "घे."

"नगं रे," अण्णा म्हणाले. "आत्ताच पिलो. दोन गिलास. त्या कॅम्परवाल्यानं दिलं."

"ते हेच."

अण्णांनी गाडीवरची अक्षरं वाचली. मग तोटी पाहिली. मग बराच वेळ पेला पाहिला. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही शोधायचा प्रयत्न केला, पण चाळीस वर्षं गावात मान राखलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सहजासहजी काही सापडत नाही.

"तरीच," अण्णा म्हणाले. "गार होतं."

"मग हे घे."

"पोट भरलं रे. आता कुठं जागा." आणि पेल्याला हात न लावता त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उठून गेले.

परतताना नांदूरघाट मागं पडलं. मग हे म्हणाले, "नमुना बाद झाला, सर. त्याला म्हाईत नव्हतं. न म्हाईत असताना काय, कुणीबी पितं."

"पण खांद्यावर हात ठेवला ना?"

"खांद्याचं काय. चौथीतबी ठेवायचा."

त्यानंतर ते महिनाभर गाडीकडं फिरकले नाहीत. टाकी कोरडी करून तोंडाला फडकं बांधून ठेवली होती. पेल्यांची परीक्षा बंद झाली. खाली त्यांच्या खोलीत रेडिओ चालू असे आणि मी जिन्यात थांबून ऐकलं की कळे, दोन स्टेशनांच्या मधेच काटा राहिलेला आहे आणि ते नुसती खरखर ऐकत बसले आहेत. मी दोनदा मुद्दाम जाऊन पाणी मागितलं. त्यांनी दिलं, पण मी घोट तोंडात धरला का, हे पाहिलं नाही.

आणि मे महिन्यात अण्णा स्वतः आले. नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी वरून त्यांचा आवाज ऐकला आणि खाली गेलो. ते दारातच उभे होते, घाईत होते, अजून बरीच घरं व्हायची होती. पत्रिका देऊन गेले. आमचे गृहस्थ पाणी विचारायचं विसरले की त्यांनी मुद्दाम विचारलं नाही, ते मला सांगता येणार नाही.

पत्रिकेवर 'सहकुटुंब' असं छापलेलं होतं. ते अण्णांनी पेनानं खोडलं होतं, कुटुंब उरलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : 'कॅम्परसह'.

त्या एका शब्दावर आम्ही आठवडाभर घालवला. त्यांनी ती पत्रिका उजेडात धरून पाहिली, जणू तिच्यात काही गढूळ दिसेल.

"मला पाहुणा म्हणून बोलावलं का पाणीवाला म्हणून?"

"दोस्त म्हणून बोलावलं असेल."

"मग कॅम्पर कावून लिहिलं?"

"कॅम्पर तुमचं घर आहे ना? घरासकट या, असं म्हटलंय."

शिकवणाऱ्या माणसाला शब्दातून हवं ते काढता येतं, याचा त्यांना अनुभव होता. पण पुढं म्हणाले, "आता त्याला म्हाईत हाय. पाणी कुणाचं हाय ते म्हाईत असून बोलावलंय. अख्ख्या गावादेखत. हा नमुना चांगला हाय."

त्यांनी तीन दिवस टाकी धुतली. निवळ, सोडा, चार पाणी. काळं कापड नवं शिवलं, पोती बदलली. मला तीन पेले दिले आणि मी तिन्ही चुकलो. लग्नाच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि स्टीलचे चाळीस पेले घासून घेतले.

गाडी मंडपाच्या तोंडाशी, जेवणाच्या रांगेला लागून उभी केली. जागा अण्णांच्या माणसानंच दाखवली. हे तोटीपाशी उभे राहिले. "आज रिपोर्ट येणार," ते हळूच म्हणाले. ऊन असं होतं की टेबलांचे पत्रे चटके देत होते. अक्षता पडल्या, बँड थांबला, पंगती बसल्या. एक पंगत उठली, दुसरी, तिसरी. गावातला प्रत्येक माणूस आमच्या समोरून हात धुवायला गेला. अण्णा दोनदा समोरून गेले. एकदा त्यांनी लांबून हात उंचावला.

चार वाजता यांनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पाणी काठाखाली बोटभरच गेलं होतं.

जेवणात मठ्ठा होता.